दोन सॅका

कोथरूडच्या टेकडीवर सकाळी पाठीला वजन लावून चढणारे बरेच दिसतात. त्यांना हिमालयात जायचं असतं. पण सत्तरीकडे झुकलेले हे गृहस्थ कडक इस्त्रीच्या शर्टावर सॅक चढवून यायचे, तेव्हा मी न राहवून विचारलं, "आपण एव्हरेस्टला का?"

"छे! व्हिएतनामला. मुलीबरोबर, बिऱ्हाड पाठीवर घेऊन. हॉटेलं आधी ठरवायची नाहीत म्हणते!" सूर तक्रारीचा होता, पण चेहरा खुलला होता.

सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या असत. माथ्यावर पोचले की ते पाणी कडुनिंबाच्या एका रोपाला घालत आणि हलकी सॅक घेऊन उतरत. "उतरताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. तिची सक्त ताकीद आहे."

मग ते दिसेनासे झाले. गेले असतील व्हिएतनामला, असं मी धरून चाललो. इकडे रोप सुकायला लागलं.

एके दिवशी परत दिसले. पाठीवर तीच सॅक, आणि पोटाशी आणखी एक, लाल.

"वा, बढती झाली वाटतं!" मी म्हणालो.

ते थांबले. "तिला तिकडे ताप आला. तिथेच गेली." लाल सॅकच्या पट्ट्यावरून त्यांचा अंगठा फिरत होता. "सराव एकाच सॅकचा केला होता हो. येताना दोन होत्या."

माथ्यावर त्यांनी रोपाकडे पाहिलंसुद्धा नाही. भरलेल्या बाटल्यांसकट ते तसेच उतरू लागले. गुडघे जपा म्हणून बजावणारं आता कोणी नव्हतं.