आधी शून्य बघू

कुठलंही काम सांगा, काका पिशवीतून लाल थर्मास काढायचे आणि म्हणायचे, "आधी शून्य बघू." समोरचा माणूस घाईत असला तर हे वाक्य जरा जास्तच सावकाश यायचं.

थर्मासमध्ये चहा नसायचा. रसवंतीवरून आणलेला, फडक्यात गुंडाळून कुटलेला बर्फ असायचा, वर थोडं पाणी. वितळता बर्फ म्हणजे शून्य डिग्री. तपासायचा सेन्सर त्यात बुडवायचा, पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मग मीटरवरचा आकडा बघायचा. काम झालं की थर्मास धुऊन त्यातच चहा भरून घ्यायचे. बर्फाच्या जागी ओतलेला तो चहा कायम कोमट. त्यांच्याबरोबर काम केलेल्या प्रत्येकाने तो प्यायलाय आणि "छान आहे" असं म्हटलंय.

काका नाशिक रोडला आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात भट्ट्यांची तापमानं सांभाळण्यात गेली. निवृत्त झाल्यावर दिंडोरीकडचे वायनरीवाले, कोल्ड स्टोरेजवाले त्यांना बोलवायला लागले. त्यातलाच एक मी. माझं त्या रस्त्याला छोटं कोल्ड स्टोरेज आहे. माझं म्हणजे सासऱ्यांच्या जागेवर आणि साडूंच्या द्राक्षांवर चालणारं. माझा वाटा मुख्यतः खुर्चीवर बसण्याचा.

घोळ त्या खुर्चीमुळेच झाला. तापमानाचा मीटर थंड खोलीच्या दाराशी होता, तासातासाला उठून बघावा लागे. मी तो उचलून माझ्या टेबलापाशी आणला. वायर कमी पडली. सेन्सरला तीन वायरी होत्या, दोन लाल आणि एक पांढरी. दोन्ही लाल आत एकाच जागी जोडलेल्या दिसल्या, तेव्हा माझ्या हुशार डोक्याने ठरवलं की एक जादाची आहे. घरी गणपतीच्या रोषणाईची पंचवीस मीटर वायर पडून होती, दोन तारांची. ती जोडली. मीटर एरर दाखवून कुरकुरला, तर तिसऱ्या वायरीच्या जागी तारेचा तुकडा अडकवून त्याला गप्प केलं. बायकोला फोन करून हे कौतुकाने सांगितलंसुद्धा.

त्याच आठवड्यात साडूंचा निर्यातीचा माल आत आला. अख्ख्या बागेची द्राक्षं. मला खोली शून्यावर आणायची होती, आणि मीटर दोनच्या खाली उतरेना. कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेईना. साडू दारात येऊन म्हणाले, "पाहुणे, माल थंड करताय का शिजवताय?"

मी काकांना फोन केला. मशीनमधला गॅस कमी झालाय, लगेच या.

काका आले. पॅकिंगच्या ताई नेमक्या खोलीतून हात चोळत बाहेर येत होत्या. "काका, आत लय गार हाय. बोटं वळंना झाली."

"ताई, मीटर दोन दाखवतोय," मी म्हणालो. "एवढं गार कसं असेल?"

काकांनी मशीनकडे न बघता माझ्याकडे बघितलं. आधी कॉम्प्रेसर बंद केला. मग खोलीतला सेन्सर सोडवून दाराशी आणला, थर्मासमध्ये बुडवला आणि मला टेबलापाशी पाठवलं. पाच मिनिटांनी ओरडले, "वाचा."

"तीन पॉइंट एक."

"भाऊ, तुमच्याकडचा बर्फ गरम दिसतोय."

मग उकिडवे बसून त्यांनी शांतपणे सांगितलं. "भट्टीला थर्मोकपल लागतं. दोन वेगळ्या धातूंच्या तारा, टोकाला जोडलेल्या. टोक तापलं की इवलासा करंट उठतो, त्यावरून गरमी कळते. आठशे डिग्रीत टिकतं, पण दोन-चार डिग्री इकडेतिकडे झाली तर त्याला काही वाटत नाही. द्राक्षाला ते चालत नाही. यात प्लॅटिनमची तार आहे. गरमी वाढली की तिचा अडथळा वाढतो, मीटर तोच मोजतो. पण तुमच्या गणपतीच्या वायरीलाही अडथळा आहे की. मीटरने तोही गरमी म्हणून धरला. तिसरी वायर असते ती मीटरला सांगायला, की एवढा अडथळा वायरीचा, तो सोडून दे."

"म्हणजे आत दोन नाही?" साडूंनी विचारलं.

"उणे एक. हे शून्याची वाट बघत बसले असते, तर आत उणे तीन झालं असतं. माल गोठला असता."

साडूंचा चेहरा उतरला. "वायर कोणी जोडली?"

काका दातांनी वायर सोलत होते. त्यांना माहीत होतं. ताईंनाही माहीत होतं. काकांनी माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, "शून्य बघून झालं, भाऊ. पुढचं तुम्ही बघा."

"मी जोडली," मी म्हणालो. "खुर्चीवरून उठायला नको म्हणून."

साडू आत गेले. वरच्या क्रेटमधला एक मणी तोडून नखाने चिरला, उजेडात धरला, खाल्ला. माझ्याशी त्या दिवशी बोलले नाहीत. पुढे प्रत्येक लग्नात मात्र ओळख करून द्यायला लागले, "हे आमचे साडू, दोन वायरींत भागवतात." ते हसत म्हणतात. त्या दुपारी मी गप्प राहिलो असतो, तर हसले असते का, मला माहीत नाही.

दोन वर्षांनी काका तापाने आजारी पडले. मी दवाखान्यात बसलो होतो. सिस्टरने ताप बघून आकडा सांगितला, तर डोळे मिटूनच पुटपुटले, "याचं शून्य कधी बघितलंय?" तिला कळलं नाही. मला हसू आलं आणि लगेच थांबलं. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत.

थर्मास काकूंनी माझ्याकडे दिला. "घरात यातला चहा कोण पिणार?" म्हणाल्या.

मीटर आता पुन्हा दाराशी आहे, मी उठून बघतो. पहिला क्रेट आत जायच्या आधी बर्फ कुटतो, सेन्सर बुडवतो. यंदा साडू शेजारी उभे होते. तीनच मिनिटं झाली होती, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आकडा आला का?"

"थांबा," मी म्हणालो.

पाच मिनिटांनी मीटरवर शून्य पॉइंट एक आलं. साडूंनी मान हलवली. मी थर्मास धुतला, चहा भरून घेतला, दोन कपांत ओतला. कोमट होता.

"छान आहे," साडू म्हणाले.