चौकाबाऱ्याला खणाची पिशवी

माझे मालक तापानं गेले तेव्हा मुलगी सातवीत होती. केलगेरीत भाड्याची एक खोली, त्यात मी, मुलगी आणि सासूबाई. तेराव्याला अळणावरहून माझा थोरला भाऊ आला. जेवला आणि हात धुता धुता म्हणाला, "पोरीला मी घेऊन जातो. शाळा पुरे झाली. घरातली कामं शिकेल, मग बघू स्थळ."

मी म्हटलं, "अण्णा, दिवाळीपर्यंत थांब."

"थांबतो की. पण तोवर तुझं तुला भागलं नाही तर विचारणार नाही बघ. घेऊनच जाईन."

मी शिकलेली तिसरीपर्यंत. शिवण तेवढं येत होतं. सासूबाईंना चौकाबाऱ्याची हौस, अंगणात खडूनं घरं आखून कवड्या टाकत बसायच्या. ते बघूनच मी जाड कापडावर पाच पाच घरांचे पट शिवले, कवड्या घेतल्या, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि बाजारातल्या खेळण्यांच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "अक्का, आता पोरं केबलसमोर बसतात. त्यांनी हे फडकं का उचलावं? डब्यात घालून आण."

डबा कुठला आणायचा? पेढेवाल्याकडून जुने खोके मागून आणले. वरून पतंगाचा कागद चिकटवला, मुलीनं त्यावर कवड्या काढल्या. मला तर छान वाटले.

आठवड्यानं गेले तर दुकानदार हसत सुटला. "अय्यो अक्का! लोक पेढा म्हणून उघडतात, आत कवड्या! मला शिव्या घालून जातात. आणि मुंग्या बघ. त्यांनीच खेळून घेतलं सगळं."

खोक्यांना तुपाचा वास राहिला होता. मला काही हसू आलं नाही. त्यानं खोके परत दिले. म्हणाला, "दिवाळीच्या आत चांगलं काही जमलं तर आण. नाहीतर बेडा." बेडा म्हणजे नकोच.

घरी आले आणि ट्रंक उघडली. माझ्या लग्नापासून ओटीत आलेले सगळे खण त्यात होते, तशाच त्रिकोणी घड्या. एकाचीही चोळी शिवली नव्हती. मुलीच्या लग्नाला म्हणून ठेवलेले. हातात कात्री बघून सासूबाई उठून बसल्या.

"ओटीच्या खणाला कात्री लावतीस? लग्नात काय घालशील तिच्या ओटीत?"

"आत्याबाई, पोरगी आपल्याजवळ राहिली तर पुढचं. अळणावरला गेली तर तिचं लग्नही आपल्याला कुणी सांगायला येईल तेव्हाच कळणार."

त्यांनी एक खण उचलून काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "काठ वाया घालवू नकोस. काठ तोंडाला घे."

तशीच पिशवी शिवली. काठ तोंडाला, त्यात दोरी, दोरीच्या दोन्ही टोकांना एकेक कवडी. आत काय आहे ते न उघडता कळावं म्हणून. दोरी ओढली की काठाच्या चुण्या पडायच्या. आत पटाचीही खणासारखी त्रिकोणी घडी. कवड्या सासूबाई ओवायच्या, डोळ्यांना दिसत नव्हतं तरी.

दुकानदारानं पिशवी दोनदा उघडली, दोनदा मिटली. दारातल्या खिळ्याला अडकवली. दिवाळीच्या आधीच आणखी मागायला माणूस पाठवला.

दिवाळीत अण्णा आला. खोलीभर खणांचे तुकडे पसरलेले, बसायला जागा नाही. मुलगी दोऱ्या ओवत बसली होती. त्यानं उभ्यानंच चहा घेतला. "शाळा कधी उघडते?" म्हणून तिला विचारलं आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. एकटाच.

ट्रंक लवकरच रिकामी झाली. पुढं खण विकत आणून शिवत राहिले. सासूबाई गेल्या. मुलगी बारावी झाली, नवनगरचं स्थळ आलं, लग्न ठरलं.

ओटी भरायला शेजारीण होती. माझा हात त्याला चालत नव्हता, मी दाराशी उभी राहिले. नवा खण आणला होता. मुलगी म्हणाली, "थांबा, काकू." तिनं पदराआडून एक कापड काढलं. पहिल्या पिशव्यांतली एक तिनं कधीतरी लपवून ठेवली होती, तिची शिवण उसवलेली. माझ्या लग्नातला खण तो.

"अगं, फाटका खण घालत नाहीत ओटीत," शेजारीण म्हणाली.

"फाटका नाही, कापलेला आहे. हाच घाला."

शेजारणीनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. तिनं तो नव्या खणावर ठेवला, त्यावर नारळ ठेवला. काठात दोरीची भोकं अजून दिसत होती.