पथ्य आईला, दुखणं लेकीला

माझी मुलगी जन्मल्यापासून प्यायलेलं दूध ओकायची. थोडंथोडकं नाही, भडाभडा, नाकातोंडातून. घरात निदान कधीच ठरलं होतं: आईचं दूध बाधतंय. म्हणजे आजारी ती आणि पथ्य मला!

आमचा धंदा भाजीपाल्याचा. रोज नाशिकच्या मार्केटला माल जातो. वांगी, कोबी, गवार सगळं मी तोडायचे, क्रेट भरायचे आणि जेवायला बसले की मुगाचं वरण नि भात. सासूबाईंची नजर ताटावर. "काय खाल्लंस गं काल? उगाच नाय ओकत पोर." शेजारणीसुद्धा ताटात डोकावून जायच्या. वर्षभर हेच चाललं. मी वाळत गेले, दूध आटत चाललं, तर त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर. नवरा तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला.

चौदाव्या महिन्यात मुलीला तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तिला पांढरं औषध पाजून फोटो काढले. पोटात उतरलेलं औषध परत गळ्यापर्यंत चढत होतं, ते डॉक्टरीणबाईंनी मला पडद्यावर दाखवलं. "हिच्या जठराचं तोंड नीट मिटत नाही. वर आलेलं फुप्फुसात जातंय. नुसत्या औषधांनी आता भागणार नाही. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून शिवावा लागेल."

मी विचारलं, "मॅडम, मी काय खायला नको होतं?"

त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुम्ही कोणती भाजी खाल्ली, त्याचा इथं काय संबंध?"

तरी सासूबाई म्हणाल्याच, "एवढ्याशा जिवाला कापायचं? आजून म्हैनाभर पथ्य करू द्या हिला." नवरा हातात पेन धरून आईच्या तोंडाकडे बघत उभा. माझं डोकंच फिरलं. पेन हिसकावून घेतलं आणि ऑपरेशनच्या कागदावर सही मी केली.

ऑपरेशन नीट झालं. पोर ओकायची थांबली, अंग धरू लागली. आता सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला काय सांगतात? "सुनंनं वरीसभर पथ्य पाळलं, म्हणून देव पावला." बायका कौतुकानं माझ्याकडे बघतात आणि माझ्या अंगाची लाही लाही होते. कापलं लेकीला, शिवलं डॉक्टरांनी, आणि यश म्हणे मुगाच्या वरणाचं!

पण सगळ्यात जास्त राग मला माझाच येतो. पहिल्या न्यूमोनियाच्या वेळीच आमच्या गावच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "बाळ दूध ओकतं का?" सोबत कुणी नव्हतं. खरं सांगायला कुणाची आडकाठी नव्हती. पण हो म्हटलं तर डॉक्टरांसमोरही माझंच दूध वाईट ठरेल, याची मला लाज वाटली. पोरीनं नुकताच ओकून ओला केलेला ओढणीचा भाग मुठीत दाबून धरला आणि म्हणाले, "नाही, फारसं नाही."