ग्वेनबाईंच्या आजीचा कोरडा शब्द

शैलजाला एखादी गोष्ट सुचली की ती पोटात ठेवायची कशी, हे काही देवानं तिला शिकवलं नव्हतं. २००५ च्या जुलैत डब्लिनच्या घरी, म्हणजे ओहायोतल्या हं, तिनं डेकवर कुरडया वाळत घातल्या. शेजारच्या ऐंशीच्या ग्वेनबाई काठी टेकत आल्या, एक कुरडई मोडून बघितली आणि म्हणाल्या, "सीख!" तो 'ख' अगदी घशातून खाकरून.

"म्हणजे?"

"ड्राय. माझी आजी वेल्सची होती. कपडे वाळले की सीख, शिळा पाव सीख, आणि पाद्रीबुवांचं प्रवचन कंटाळवाणं झालं की तेही सीखच!"

"अय्या, हा तर आपला शुष्क!"

झालं! नवऱ्यानं, विक्रमनं, ते तिथल्या मराठी मंडळात सांगितलं आणि अध्यक्ष प्रल्हादकाकांनी गणपतीच्या फ्लायरवर छापूनच टाकलं: 'वेल्श भाषेतलं संस्कृत, वक्त्या शैलजा.' व्हिसामुळे शैलजाला नोकरी करता येत नव्हती. चार वर्षं ती नुसती 'विक्रमची मिसेस' होती. बाईसाहेबांनी फ्लायर फ्रिजवर लावला, येता-जाता वाचला.

कार्यक्रमाला दोन दिवस उरले तेव्हा तिनं लायब्ररीत वेल्शचा जाडजूड कोश उघडला, आणि चेहरा पडला. शब्द लॅटिन 'सिक्कुस'वरून आलेला, रोमन लोकांबरोबर वेल्समध्ये. शुष्कशी काही नातंच नाही.

"कोण तपासायला जाणार आहे, यार?" विक्रम म्हणाला.

"मी गेले ना!"

काकांना फोन केला. "अगं, मग कॅन्सल करू या. लोकांना संस्कृत हवंय."

"टायटल चुकलंय काका, मी कशाला पळू?"

आणि कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजवर उभी राहिली की हो! आवाज खणखणीत. "फ्लायरवर छापलंय ते चूक आहे आणि चूक माझी आहे." मग तिनं सांगितलं, रोमन कधीचे गेले, पण त्यांचा शब्द दोन हजार वर्षं स्वयंपाकघरात, दोरीवरच्या कपड्यांत राहिला आणि एका आजीबरोबर ओहायोला आला.

मागून कुणीतरी ओरडलं, "मग यात आपलं काय?"

"कुरडया! माझ्या डेकवरच्या, एकदम सीख!" शैलजा म्हणाली. हॉल खदखदून हसला. पहिल्या रांगेत विक्रमकडून इंग्रजीत ऐकता ऐकता ग्वेनबाई डोळे पुसत होत्या.

"माझं टायटलच बरं होतं," काका कुरकुरले. पण चहाच्या वेळी ग्वेनबाईंच्या शेजारी कोण बसलं होतं? काकाच. फ्लायर उलटा करून, पेन उघडून विचारत होते, "तुमची आजी ओल्याला काय म्हणायची हो?"