अक्कलकोटच्या फलाटावर

एम.एस्सी.ला माझा नंबर लागला तेव्हा मी नक्की काय शिकणार हे आमच्या घरात कुणालाच नीट कळलं नव्हतं. वडिलांनी रसायनशास्त्र हा शब्द पाठ केला होता, पण गावात कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "औषधाचं शिकतीय." आमचं गाव सांगोल्याच्या पुढं आत. डाळिंबाची बाग, थोडी मेंढरं, आणि उन्हाळा लागला की टँकरची वाट बघणं. घरातून कुणी शिकायला बाहेर राहिलेलं नव्हतं. चुलत्यांच्या टेम्पोत माझी गादी आणि पत्र्याची पेटी टाकून आम्ही सोलापूरला आलो. विद्यापीठ शहराच्या बाहेर, पुणे रस्त्याला. उघडा माळ, आणि त्या माळावर एकमेकींपासून लांब लांब टाकलेल्या इमारती. हॉस्टेलच्या फाटकाशी पेटी उतरवून वडील म्हणाले, "झाडं कमी हायत हितं." एवढंच बोलून ते टेम्पोत बसले.

खोलीत माझ्या आधी एक मुलगी आलेली होती. तिनं दाराजवळची कॉट घेतली होती आणि खिडकीजवळची माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. उन्हाळ्यात त्या खिडकीतून भट्टीसारखी झळ येते हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं.

"मी अक्कलकोटच्या पलीकडची," ती म्हणाली. "घरात कन्नड बोलतो आम्ही. माझं मराठी चुकलं तर सांगा हं."

"माझंबी चुकतंयच की," मी म्हणाले.

त्यावर आम्ही दोघी हसलो. तुम्हीवरून तूवर यायला मग वेळ लागला नाही.

ती गणिताला होती. वडील गावात शिवणकाम करायचे. आई ती लहान असतानाच गेलेली. तिचे सगळे ड्रेस वडिलांनीच शिवलेले, अंगाला नीट बसणारे, पण गळा आणि बाह्या जुन्या पद्धतीच्या. मेसमध्ये एका मुलीनं तिला विचारलं होतं, "हा कुठून घेतलास?" ती खुशीनं म्हणाली, "अप्पांनी शिवलाय." ती मुलगी दुसरीकडं बघून हसली. ते मला दिसलं. तिला दिसलं की नाही, मी विचारलं नाही.

माझं हसं पहिल्याच महिन्यात प्रयोगशाळेत झालं. नळाला पाणी येत नव्हतं. मी सरांना सांगितलं, "सर, हितं पाणी न्हाय." सरांना त्यात काही वाटलं नाही, ते नळ बघायला आले. पण मागच्या टेबलावरच्या दोघींनी ते वाक्य उचललं. पुढं कितीतरी दिवस कुठं काही संपलं, बंद पडलं, की हळूच यायचं, "हितं न्हाय." मी वर्गात बोलणंच कमी केलं. बोलायचंच झालं तर आधी सगळं वाक्य मनात तयार करायचं, न्हायच्या जागी नाही घालायचं, हितंच्या जागी इथं, आणि मग तोंड उघडायचं. तोवर बहुतेक वेळा विषय पुढं गेलेला असायचा. दिवसभर असं सावरून बोलून जीव इतका शिणायचा की खोलीत आल्यावर मी तिच्याशी मुद्दाम गावाकडचं बोलायचे. तिला अर्धं कळायचं नाही. ती कन्नडमध्ये उत्तर द्यायची, ते मला अजिबात कळायचं नाही.

रोज संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन यायचा. पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून ती बोलायची. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "ऊटा आतेन?" म्हणजे जेवलीस का. एवढं कन्नड मला ऐकून ऐकून आलं.

दिवाळीच्या थोडं आधी तिचा सेमिनार होता. फळ्याजवळ उभं राहून एक प्रमेय सगळ्यांना समजावून सांगायचं. तिच्या कॉलेजात ती पहिली आली होती, गावात शाल घालून सत्कार झाला होता. तयारी तिनं खूप केली. खोलीत मला समोर बसवून दोनदा म्हणून दाखवलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती कुठं अडखळली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी ती कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"काय झालं?"

"पहिली ओळ लिहिली. मग सरांनी इंग्लिशमध्ये विचारलं, हे असं का? मला प्रश्न कळला. उत्तरपण येत होतं. पण डोक्यात आलं ते कन्नडमध्ये. तोंडातून काहीच येईना."

"मग?"

"मग उभी राहिले. सर म्हणाले, बस, पुढच्या वेळी तयारी करून ये. रागावले नाहीत."

"कोण हसलं का?"

"कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं गं. सगळे खाली बघत होते."

मी तिला चहा आणून दिला. माझ्या पाण्याच्या नळाची गोष्ट पुन्हा सांगितली. ती थोडी हसली. मला वाटलं, संपलं.

दिवाळीची सुट्टी झाली, आम्ही परत आलो. ती सकाळी आवरून, वेणी घालून, दप्तर खांद्याला लावून माझ्याबरोबरच निघायची. वाटेत माझी इमारत आधी लागायची. मी आत वळायचे, ती पुढं जायची. माझी प्रॅक्टिकल्स संध्याकाळपर्यंत चालायची. मी परत यायचे तेव्हा ती खोलीत असायची, समोर पुस्तक. फोनवर वडिलांशी पूर्वीसारखीच बोलायची, उलट जास्तच हसायची. मेसच्या भाकरीला ती कधी नावं ठेवायची, तेही बंद झालं होतं. माझ्या लक्षात आलं नाही असं नाही, पण त्याचा अर्थ मी असा लावला की ती रुळली. माणूस रुळला की गप्प होतो असं मला माझ्यावरून वाटायचं.

थंडीच्या दिवसांत माझ्या चुलत बहिणीचा साखरपुडा होता. मी एक दिवस बुडवून एसटी स्टँडवर गेले. सांगोल्याची गाडी लागायची होती. उभं राहून कंटाळा आला म्हणून मी स्टँडवर फिरत होते, तर अक्कलकोटच्या गाड्या लागतात त्या फलाटावर ती दिसली. सिमेंटच्या बाकावर बसली होती, दप्तर मांडीवर. शेजारी दोन म्हाताऱ्या बायका कन्नडमध्ये काहीतरी जोरजोरात बोलत होत्या. ती त्यांच्याकडं बघत नव्हती, पण ऐकत होती.

मला आधी वाटलं, घरी काही झालंय.

"गावाला निघालीस? काय झालं?"

ती दचकली नाही. "नाही. बसलीय."

"तास नाही का?"

"आहे."

मी तिच्याजवळ बसले. ती समोरच्या गाडीकडं बघत म्हणाली, "दिवाळीपास्नं मी वर्गात गेले नाही. दारापर्यंत जाते. मग मागच्या रस्त्यानं फाटकाबाहेर येते, सिटी बस धरते, हितं येऊन बसते."

"रोज?"

"रोज. हितं बरं वाटतं. सगळं कळतं."

"मग गाडीत बसून घरी का जात नाहीस?"

"घरी जाऊन काय सांगू?"

माझी गाडी लागली. ती म्हणाली, जा, चुकेल. मी गेले. साखरपुड्यात मला कुणी काही विचारलं तर ते दोनदा विचारावं लागत होतं.

परत आल्यावर मी तिला तिच्या विभागापर्यंत सोडायला जाऊ लागले. पायऱ्यांपाशी उभी राहायचे, ती आत गेली की मगच माझ्या वर्गाकडं पळायचे. दोन-तीन दिवस ती बसली वर्गात. मग एकदा पायऱ्यांवरच तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तुझा तास बुडतोय माझ्यापायी. उद्यापास्नं येऊ नको." तिचा हात ओला होता, घामानं. थंडीत. रेक्टर मॅडमना सांगूया का, असं मी विचारलं. त्या घरी फोन करतील, ती म्हणाली. नको.

एका दुपारी मी जेवायला हॉस्टेलवर आले होते, तेव्हा वॉचमननं हाक मारली. फाटकाशी बाकावर एक गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत डबा. सदऱ्याच्या खिशाला टोचलेल्या सुईवरून मी त्यांना ओळखलं.

"अस्तर आणि बटणं घ्यायला आलो होतो सोलापुरात," ते म्हणाले. मराठी अडखळत बोलत होते, शब्द शोधत. "फोन उचलंना झालीय ती. तासाला असंल."

"व्हय काका, असंल," मी म्हणाले.

"मग थांबतो की. तिचा वर्ग तरी दाखव मला. लांबनं बघतो."

नाही कसं म्हणायचं ते मला सुचलं नाही. आम्ही उन्हातून गणिताच्या इमारतीकडं चालत गेलो. वाटेत त्यांनी प्रत्येक इमारतीकडं बोट करून ही कशाची ते विचारलं. पायऱ्यांशी पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या. मी म्हणाले, काका, राहू द्या, चालतंय. त्यांनी मान हलवली आणि अनवाणीच वर चढले.

वर्गाच्या दाराला एक छोटी काच होती. आत तास चालू होता, फळा भरलेला होता. ते काचेशी वाकून आत बघू लागले. पहिल्या रांगेपासून एकेक डोकं बघत होते. मागच्या रांगेपर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्या रांगेवर आले.

"दिसंना झालीय," ते हळू आवाजात म्हणाले, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

ते तिसऱ्यांदा बघायला लागले तेव्हा मला राहवलं नाही.

"काका, ती येत नाही वर्गात."

त्यांनी काचेवरून तोंड बाजूला घेतलं. "कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं."

"मग कुटं जाते?"

"स्टँडवर. अक्कलकोटच्या गाड्या लागतात तितं बसते."

ते खाली उतरले, चपला घातल्या. मग म्हणाले, "मी तितंच उतरलो की सकाळी."

आम्ही सिटी बसनं स्टँडवर गेलो. ती तिथं नव्हती. परत आलो तर ती खोलीत होती, मीच तिला खाली बोलावून आणलं. फाटकाजवळ लिंबाच्या सावलीत ती दोघं बसली. मी जरा लांब उभी राहिले. ते ओरडले नाहीत. आधी डबा उघडला, तिच्यापुढं ठेवला आणि ती खाईपर्यंत थांबले. मग बराच वेळ कन्नडमध्ये बोलणं चाललं होतं, जास्त करून तिचंच. ते मातीत काडीनं रेघा ओढत ऐकत होते. एकदा त्यांनी टोपी काढून डोळे पुसले.

ती वर आली आणि बॅग भरायला लागली.

"अप्पा काय म्हणाले?"

"म्हणाले, राहायचं असलं तर राहा, मी गावात कुणाला सांगणार नाही. मीच म्हणाले, चला."

मी तिच्या चादरीचं दुसरं टोक धरलं. घडी घालता घालता ती म्हणाली, "सकाळी मी त्यांना बघितलं. गाडीतनं उतरले, हातात डबा. मी पेपरच्या दुकानामागं जाऊन उभी राहिले. त्यांनी एकाला विद्यापीठाची बस विचारली. त्या माणसाला त्यांचं मराठी कळंना. त्यांनी परत विचारलं. मी तिथनं बघत होते."

मी चादरीची घडी उगाच पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

ती गेल्यावर तिची कॉट सत्र संपेपर्यंत रिकामी होती. मी त्यावर कपडे वाळत घालायचे. मग बार्शीकडची एक मुलगी आली, स्वभावानं चांगली, कानात कायम हेडफोन. तोवर माझी भाषा सुधारली होती. न्हाय आणि हितं आता मनात आधी बदलावं लागत नव्हतं, आपोआप नाही आणि इथं येत होतं. मागच्या टेबलावरच्या त्या दोघी आता माझ्याकडून नोट्स मागायच्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेले तर आई म्हणाली, "पावण्यावानी बोलायलीस गं." तिनं ते कौतुकानं म्हटलं होतं. पण त्या सुट्टीत ती माझ्याशी पूर्वीपेक्षा कमी बोलली, आणि शेजारच्या बायका आल्या की मला आत बसायला सांगायची. मीही आत बसायचे.

मी पास झाले. आता एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. सुरुवातीला तिचे फोन यायचे. ती वडिलांबरोबर दुकानात बसत होती. वर्गाबद्दल तिनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही, त्यामुळं बोलायला फारसं काही उरायचं नाही. मग तिचं लग्न कर्नाटकात ठरलं. पत्रिका फोनवर आली. त्या आठवड्यात माझी परीक्षेची ड्युटी होती, मला जाता आलं नाही.

गेल्या वर्षी सासरच्या माणसांबरोबर अक्कलकोटला दर्शनाला गेले होते. महाप्रसादाच्या रांगेत उभं असताना मी तिचा नंबर लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, कन्नडमध्ये. मी मराठीत तिचं नाव घेऊन विचारलं. बाई पुन्हा काहीतरी म्हणाली आणि फोन ठेवला.

"कुणाला लावला होता?" सासूबाईंनी विचारलं.

"मैत्रिणीला."

"लागला का?"

"नाही लागला," मी म्हणाले, आणि रांग पुढं सरकली.