लिलावाच्या जाहिरातीआधी

आमच्या गेटशेजारच्या भिंतीला कागद चिकटवला, तेव्हा मी घरातच होतो. दोघं जण मोटारसायकलवर आले. एकानं कागदाला डिंक फासला, दुसऱ्यानं आधी कागदाचा आणि मग अख्ख्या घराचा मोबाईलवर फोटो काढला. समोरच्या बायका पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. नेमकी त्याच वेळी माझी बायको भाजी घेऊन गल्लीत शिरली.

पिशवी खाली न ठेवता तिनं सगळं वाचलं. थकलेल्या गृहकर्जापोटी कर्ज देणाऱ्या कंपनीनं घराचा कागदोपत्री ताबा घेतला आहे, या मालमत्तेचा कुणी व्यवहार करू नये, असं लिहिलं होतं. वर आमची दोघांची नावं.

"ह्याच्या आधी काही आलंतं का?"

आलं होतं. साठ दिवसांत पैसे भरा, अशी नोटीस मी सही करून घेतली होती आणि क्लासच्या खोलीत जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात दडवली होती. बीडला माझा गणिताचा क्लास होता. लॉकडाऊनमध्ये तो बसला तो पुन्हा उठलाच नाही. पोरं लातूरला जाऊ लागली. घर मात्र आधीच घेऊन झालं होतं. पाली रस्त्याच्या बाजूला, तीन खोल्यांचं. सुरुवातीला भरायच्या रकमेसाठी वडिलांनी धारूरकडची निम्मी मेंढरं विकली होती. हप्ते चुकू लागले तेव्हा मी बायकोला सांगत राहिलो, "होईल काहीतरी."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाक करायची, ताट ठेवायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे कागद पिशवीत भरून म्हणाली, "वकिलाकडं जायचंय. मी बी येते."

कोर्टासमोरच्या जुन्या वकिलांकडे गेलो. मी कुठूनतरी ऐकलेलं बोलून दाखवलं, "साहेब, नादारीचा अर्ज केला की कर्ज माफ होतं म्हणे."

"कायदा हाय," ते म्हणाले. "जुना हाय, पण हाय. जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. हातउसनं, कार्डाचं देणं, असल्याला त्याचा उपयोग. तुमी घर गहाण टाकलंय, सर. तुमी नादार ठरलात तरी गहाण सुटत न्हाई. घर ते नेणारच."

"मग स्थगिती?"

"संभाजीनगरला कर्जवसुलीच्या ट्रिब्युनलमध्ये जाता येईल. पण कंपनीनं काय चुकीचं केलं, ते दाखवावं लागेल. साठ दिवसांची नोटीस मिळाली न्हाई का तुमाला?"

मी पिशवीतले कागद चाळू लागलो.

"मिळाली होती," बायको म्हणाली. "ह्यांनी लपवली."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. मला त्या खुर्चीतून उठून निघून जावंसं वाटलं. मग ते तिच्याकडे बघूनच बोलले. "ताई, घर तुमीच विका. मात्र कंपनीची लेखी परवानगी घेऊन. लिलावाची जाहिरात पेपरात यायच्या आधी सगळी रक्कम भरली तर घर सोडवता येतं. जाहिरात आली, की तो हक्क गेला. लिलावात काय भाव येईल, ते कुणाच्या हातात न्हाई."

त्या दिवसापासून पेपर टाकणाऱ्याची सायकल वाजली की मी दाराकडे धावायचो. आधी शेवटची पानं बघायचो. ताब्याची नोटीस पेपरातही छापून आली होती, त्यामुळे गिऱ्हाईकं यायची ती सगळं माहीत करून. एकानं तोंडावर सांगितलं, "लिलावात निम्म्यात मिळंल की, सर. मी कावून घाई करू?"

मग सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर घर बघायला येणार असल्याचं कळलं. नवरा वारलेला, घरी सासू. नवऱ्यामागं मिळालेले पैसे त्यांना घरात घालायचे होते. त्या येणार त्या सकाळी मी बादली घेऊन भिंतीवरचा कागद भिजवून काढला. वाटलं, आधी घर तर आवडू दे.

त्यांनी खोल्या बघितल्या, गच्ची बघितली, पाण्याचं विचारलं. "पाणी लई दिसांनी येतं का?" मी उत्तर देणार तेवढ्यात बायको आतून तो ओला, चुरगळलेला कागद घेऊन आली आणि त्यांच्यासमोर ओट्यावर सरळ केला.

"सिस्टर, हे आधी वाचा. घर लिलावाला निघणार हाय, म्हणून आमी विकतोय."

सिस्टरनी वाचलं. माझ्याकडे बघितलंही नाही. "विचार करून सांगते," म्हणून गेल्या. मी बायकोवर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "एक लपवून झालं न्हाई का तुमचं?"

चार दिवसांनी सिस्टरचा फोन आला. पैसे आमच्या हातात देणार नाहीत, थेट कंपनीच्या कर्जखात्यात भरतील; वरचे काय उरतील ते खरेदीखताच्या दिवशी. आम्ही लगेच हो म्हणालो. कंपनीची परवानगी यायला तीन आठवडे गेले. ती आली तेव्हा शाखेतला माणूस म्हणाला, "सर, जाहिरात तयार हाय. सोमवारी पेपरला जाईल. शुक्रवारी चारपर्यंत पैसे दिसले पाहिजेत."

शुक्रवारी सकाळी सिस्टर फोन उचलेनात. दहा वाजले, अकरा वाजले. त्यांच्या दिराला हा व्यवहार पसंत नव्हता, हे माझ्या कानावर होतं. साडेबाराला आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. मांजरसुंब्याच्या घाटात जीप उलटली होती. अपघात विभागाबाहेर गर्दी, रडारड. तिथं घराबद्दल कुणाला विचारायचं? बायकोनं माझा दंड धरला आणि आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो.

पावणेदोनला सिस्टर बाहेर आल्या. घामानं केस कपाळाला चिकटलेले.

"सर, फोन लॉकरमध्ये राहिला. चला, बँक कुठं पळती का?"

रिक्षानं निघालो. बँकेत त्यांची सही एकदा जुळली नाही, पुन्हा करावी लागली. पैसे गेले तेव्हा तीन वाजून गेले होते. मी पावतीचा फोटो शाखेत पाठवला आणि उत्तर येईपर्यंत बँकेच्या पायरीवर बसून राहिलो. "जमा झाले. जाहिरात थांबवली," एवढंच आलं. बायकोनं ते दोनदा वाचलं आणि पदर तोंडाला लावला.

पुढच्या महिन्यात खरेदीखत झालं. उरलेल्या पैशांतून मी वडिलांना मेंढरांचे द्यायला गेलो. त्यांनी निम्मे घेतले. "बाकीचे भाड्याला ठेव," म्हणाले, आणि ओरडत रानाकडं निघालेल्या कळपामागं गेले.

किल्ल्या द्यायच्या दिवशी माझी बायको सिस्टरना घरभर फिरवत होती. कुठला नळ उलटा फिरतो, पावसात कुठल्या खिडकीतून पाणी येतं, सगळं सांगत होती. मी टेंपोत सामान चढवत होतो. भाड्याच्या दोन खोल्या तीन गल्ल्या सोडूनच होत्या. ती बाहेर आली, टेंपोत माझ्याशेजारी बसली. बऱ्याच दिवसांनी आपणहून म्हणाली, "चहा तिथं गेल्यावर करू."