साउंड कार्ड न विकणारा माणूस

बारामतीच्या त्या कॉम्प्युटरवाल्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. स्क्रूड्रायव्हर कानामागं खोचून, डोळे मिटून तो माझं गाणं ऐकत होता. जयंतीसाठी मी लासुर्ण्यात घरीच एक भीमगीत रेकॉर्ड केलं होतं आणि त्यात मागं सारखी घूंऽऽ वाजत होती. मदरबोर्डातला साउंड हलका, वेगळं कार्डच पाहिजे, हे मी नेटवर वाचून ठरवूनच आलो होतो.

"कार्ड कशाला? बोर्डातलं झ्याक हाय," तो म्हणाला. "अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी वतलं हुतं?"

उन्हाळा लागल्यापासून सगळं पाणी उसाला गेलं होतं. खड्डा कुणाच्या ध्यानातच नव्हता.

"खड्डा सुकला की अर्थिंग धरत न्हाय, मग अशी घूं येती. दोन बादल्या वता. कार्ड मी देत न्हाय."

ओतल्या, आणि घूं गेली! पेढे आणि नवं रेकॉर्डिंग घेऊन मी पुन्हा गेलो. त्यानं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, मग पेढा तोंडात टाकला.

"आवाज एकदम साफ झालाय. आता तुमी कुठं कुठं बेसूर होताय, ते बी साफ ऐकू येतंय."

जयंतीला गाणं माझ्या बहिणीनं म्हटलं. मी खड्ड्यात बादल्या ओतल्या.